वसई की रेवदंडा? कॅमेरा घेऊन एका दिवसासाठी निघणाऱ्या दोघांसाठी

मुंबईहून सकाळी निघायचं, रात्री घरी परतायचं आणि नदी समुद्राला मिळते तिथल्या जुन्या गावात दिवसभर फोटो काढायचे, असं ठरलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक उल्हास नदीच्या खाडीवरची वसई, दुसरं कुंडलिकेच्या मुखावरचा रेवदंडा. दोन्हीकडे पोर्तुगीजांचा कोट आहे, दोन्हीकडे कोळीवाडे आहेत. म्हणून आधी उजेडाचा हिशोब मांडा.

वसईला लोकल आहे, हीच तिची सगळ्यात मोठी बाजू. पहाटेच्या गाडीने वसई रोडला उतरून रिक्षा केली की कोवळं ऊन किल्ल्यातच मिळतं. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावरही खुशाल किनाऱ्यावर थांबा, परतीची गाडी असतेच. रेवदंड्याला जायचं तर गेटवेवरून मांडव्याची बोट, तिथून अलिबाग आणि पुढे आणखी साधारण १७ किलोमीटर. पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि शेवटची बोट गाठायची तर सूर्यास्त सोडून निघावं लागतं. हातात उरते ती भर दुपार. स्वतःची गाडी रो-रोने (गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने) किंवा वडखळमार्गे नेलीत तर संध्याकाळ मिळते, पण मग घरी पोहोचायला मध्यरात्र.

वसईत दुपारही फुकट जात नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या या किल्ल्यातल्या चर्चना आता छपरं नाहीत, त्यामुळे ऊन थेट आत उतरतं आणि कमानींच्या सावल्या जमिनीवर पसरतात. जोडीदाराला कमानीच्या सावलीत उभं करून पलीकडचं ऊन मागे घ्या, चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. पुढे पाचूबंदरला मोसमात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. जवळ जाऊन बघा: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी काठीवर टाकलेली असते आणि उन्हात त्यांचं अंग काचेसारखं चमकतं. तिथे काम करणाऱ्या बायकांचा फोटो मात्र विचारूनच काढावा. त्यांचा तो कामाचा दिवस असतो.

रेवदंड्याचं रूप वेगळं. कोटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतून डोकं काढणारा सातखणी मनोरा. किनारा काळसर वाळूचा, पश्चिमेला मोकळा. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलात तर दीपगृहापासून किल्ल्यावर चढा. वर अरुंद सोंडेवर उभं राहिलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडीतल्या होड्या. वसईत असं दृश्य नाही, हे मान्यच करायला हवं. मुक्काम करणार असाल तर मी डोळे झाकून रेवदंडा सांगेन.

तारीख ठरवताना पंचांग बघा. कोळ्यांचा साधा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती येते. वसईच्या खाडीकाठी अष्टमी बरी, कारण ओहोटीला तिथे होड्या चिखलात बसतात. रेवदंड्याला उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जावं. तेव्हा उधाण दुपारी बाराच्या सुमाराला येऊन जातं, संध्याकाळी पाणी लांब ओसरतं आणि ओल्या वाळूत सगळं आकाश उतरतं.

दोघांपैकी एकालाच फोटोंचं वेड असेल तर वसई जड जाते. किल्ला पसरलेला आहे, चालणं खूप, निवांत टेकायच्या जागा कमी. शिवाय ‘अजून एकच फोटो’ म्हणत तासभर निघून जातो आणि वाट बघणारा कंटाळतो. रेवदंड्यात दुसऱ्याला वाडीतली सावली आहे, माशांचं जेवण आहे, जवळच चौलला रामेश्वराची पुष्करणी आहे.

दोन्ही किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. हातात कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड, ड्रोन किंवा कपडे बदलून लग्नाआधीचं शूटिंग करायचं असेल तर आधी रीतसर परवानगी काढा.

पावसाळ्यात गेटवेच्या नेहमीच्या बोटी बंद असतात आणि बोंबीलही वाळत नसतात. तरी त्या दिवसांत वसईच निवडा. भिंतींवर शेवाळ आणि झाडोरा चढतो, काळा दगड ओला होऊन गडद दिसतो आणि ढगाळ उजेडात दिवसभर फोटो काढता येतात. घसरणार नाहीत असे बूट आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी तेवढी सोबत घ्या.