एडिसन ते शार्लट : सव्वीस दिवस सामानाशिवाय

आमचं सामान ३१ जुलै २०२५ ला न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालं आणि २६ ऑगस्टला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला पोचलं. अंतर सहाशेहून थोडे जास्त मैल. आम्ही गाडीने व्हर्जिनियात एक मुक्काम करून दीड दिवसात पोचलो होतो. सामानाला सव्वीस दिवस लागले, ठरलेल्या पैशांच्या दुपटीहून जास्त पैसे गेले आणि नऊ खोकी आलीच नाहीत. इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "जर्सीहून येतोय, चांगला मूव्हर सुचवा." प्रत्येकाला तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

शार्लटला का आलो ते सांगायची गरज नाही, सगळे त्याच कारणाने येतात. नवऱ्याची नोकरी बँकेतली, आणि बँक ऑफ अमेरिका, ट्रुइस्ट यांची मुख्यालयंच इथे. जर्सीत घरपट्टीचे आकडे ऐकून घर घ्यायचा विचार दोनदा सोडला होता. इथे राज्याचा आयकर २०२५ मध्ये सरसकट सव्वाचार टक्के होता. २०१० च्या जनगणनेत ७,३१,४२४ लोकवस्तीचं शहर २०२० मध्ये ८,७४,५७९ वर गेलं, आणि इथल्या बॅलंटाइन भागात संध्याकाळी फिरायला गेलात तर त्यातले निम्मे आपलेच आहेत असं वाटतं. हे सगळं आम्ही चार महिने अभ्यासलं. शाळांचं रेटिंग, भारतीय किराणा किती मैलांवर, राज्याच्या हद्दीपलीकडे फोर्ट मिलला राहिलं तर साउथ कॅरोलायनाचा कर कसा पडेल, त्याची एक्सेल शीटसुद्धा नवऱ्याने बनवली होती. सामान कोण नेणार, या प्रश्नाला मात्र एका संध्याकाळचा अर्धा तास दिला.

त्या अर्ध्या तासात मी एका वेबसाइटवर "दर तुलना करा" असा फॉर्म भरला. नाव, फोन, कुठून कुठे, किती बेडरूम. चहा होईपर्यंत पहिला फोन आला, रात्री झोपेपर्यंत चौदा. तेव्हा वाटलं, वा, केवढी स्पर्धा! खरं म्हणजे माझा नंबर विकला गेला होता आणि त्या चौदांपैकी बहुतेकांकडे स्वतःचा एकही ट्रक नसावा. उत्तरेकडून दक्षिणेला येणारे पुष्कळ आणि परत जाणारे कमी, त्यामुळे या दिशेला ट्रक महाग. स्वतः चालवायचा भाड्याचा ट्रकसुद्धा येताना महाग आणि जाताना स्वस्त मिळतो. त्यात उन्हाळा, सगळ्यांची लीज महिनाअखेरीस संपणार. अशा वेळी जो स्वस्त सांगतो त्याला आपण का स्वस्त म्हणून विचारत नाही, त्याचे आभार मानतो.

आमचा तो "सीनियर मूव्हिंग कन्सल्टंट" फार गोड बोलायचा. प्रत्येक वेळी आधी मुलीची चौकशी. घर बघायला कुणी आलं नाही. फोनवरच सोफा किती, पलंग किती, खोकी अंदाजे किती असं विचारून त्याने ६२० क्युबिक फूट ठरवलं आणि २,९४० डॉलर सांगितले. बाकीच्यांचे दर चार हजारांच्या पुढे होते. कागदावर मोठ्या अक्षरात "बाइंडिंग एस्टिमेट", म्हणजे बंधनकारक अंदाज. ९८० डॉलर आगाऊ, तेही झेलने (म्हणजे बँक खात्यातून थेट), कारण कार्डावर तीन टक्के जास्त पडतील म्हणे. तीस डॉलर वाचवायला मी झेल केलं. बँकेने नंतर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. कार्डाने दिले असते तर निदान तक्रार तरी घालता आली असती.

करारात सातव्या पानावर एक वाक्य होतं : आम्ही ब्रोकर आहोत, वाहतूकदार नाही. म्हणजे दलाल. ते वाक्य मी वाचलं ते सामान गेल्यावर. दलाल असणं हा गुन्हा नाही, पण आपण दलाल आहोत हे त्यांनी सांगायला हवं आणि काम सरकारी नोंदणी असलेल्या वाहतूकदारालाच द्यायला हवं, असा नियम आहे. आमच्या माणसाने फोनवर शेवटपर्यंत "आवर ट्रक्स, आवर क्रू" हेच चालवलं.

३१ तारखेला सकाळी आठची वेळ होती, ट्रक पावणेदोनला आला. कंपनीचा नाहीच, भाड्याचा पिवळा ट्रक. दारावर कागदी स्टिकर आणि त्यावर भलत्याच कंपनीचं नाव. तीन पोरं आणि एक फोरमन. आम्हाला पाच वाजता चावी द्यायची होती. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. ती दारात खुर्ची टाकून किराण्याची वही घेऊन बसली. प्रत्येक खोक्यावर नारिंगी स्टिकर लागत होता, त्यावरचा नंबर ती मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची. मधेच म्हणाली, "अगं, हा टेबलाला ओरखडा आहे म्हणून लिहितोय. कुठाय ओरखडा?" मी यादी बघितली. प्रत्येक फर्निचरपुढे 'एस.सी.' आणि 'एम.' अशी अक्षरं, म्हणजे स्क्रॅच्ड आणि मार्ड. खोक्यांपुढे 'पी.बी.ओ.', पॅक्ड बाय ओनर. पुढे काही मोडलं तर ते आधीच मोडकं होतं, नाहीतर तुम्हीच वाईट पॅक केलं होतं. मी फोरमनला विचारलं तर हसून म्हणाला, सगळ्यांचं असंच लिहितो मॅम. टीव्ही गेल्या दिवाळीत घेतलेला, तोही स्क्रॅच्ड.

साडेतीनच्या सुमाराला, अर्ध्याहून जास्त सामान चढल्यावर, तो क्लिपबोर्ड घेऊन स्वयंपाकघरात आला. ६२० नाही, १,०८० क्युबिक फूट भरतंय. नवीन रक्कम ५,९०० डॉलर. सही करा, नाहीतर आम्ही उतरवून ठेवतो; उतरवायचे चार तासांचे पैसे वेगळे, आणि डिपॉझिट जाईल. नवऱ्याने दलालाला फोन लावला. जो माणूस एरवी दुसऱ्या रिंगला उचलायचा त्याचा फोन त्या दिवशी व्हॉइसमेलवर.

नियम मला आता पाठ झालाय. सामान जास्त आहे असं वाटलं तर त्यांनी ते चढवायच्या आधी सांगून नवा लेखी अंदाज करायचा असतो. एकदा चढवायला सुरुवात केली की जुनाच बाइंडिंग अंदाज त्यांना मान्य आहे असं धरलं जातं. म्हणजे त्या क्षणी मी सही केली नसती तर कायद्याने २,९४० च पक्के होते, आणि तेवढे भरल्यावर सामान अडवून ठेवणं त्यांना बेकायदेशीर ठरलं असतं. (अंदाज नॉन-बाइंडिंग असेल तर सामान ताब्यात घेताना त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरायचे, वरचं बिल तीस दिवसांनंतर.) पण घर रिकामं, मुलगी रडवेली, पाचची चावी, आणि निम्मा संसार परक्याच्या ट्रकात. नवऱ्याने सही केली. मी त्याच्या जागी असते तर मीही केली असती, हे प्रामाणिकपणे सांगते. त्या कागदावर वेळ लिहायची जागा होती, ती फोरमनने मोकळी सोडली. का, ते आता कळतं.

त्याच सहीच्या गडबडीत आणखी एक सही गेली, सगळ्यात महागात पडलेली. सामानाच्या भरपाईचे दोन प्रकार असतात. काहीच निवडलं नाही तर पूर्ण किमतीची जबाबदारी वाहतूकदारावर. ती नको असं लिहून दिलं तर नग कितीही महाग असो, पौंडाला साठ सेंट. फोरमनने बोट ठेवलं, "हिअर, हिअर अँड हिअर." तिसरं "हिअर" म्हणजे साठ सेंट.

उरलेल्या ४,९२० पैकी अर्धे तिथेच हवे होते, रोख किंवा पोस्टाची मनी ऑर्डर. पोस्टाची एक मनी ऑर्डर हजार डॉलरपर्यंतच मिळते आणि क्रेडिट कार्डावर मिळत नाही. नवरा धावत जाऊन तीन घेऊन आला, हजार, हजार आणि चारशे साठ.

आईने एक गोष्ट मात्र ट्रकात जाऊ दिली नव्हती. "देव मी त्यांच्या हातात देणार नाही," म्हणून पंचधातूचा गणपती टॉवेलमध्ये गुंडाळून तिने मांडीवर घेतला. समई, मखर आणि माझा खलबत्ता ४१ नंबरच्या खोक्यात.

शार्लटला पहिले तीन आठवडे आम्ही हवेच्या गाद्यांवर झोपलो. एक कुकर, चार ताटल्या. दलाल म्हणायचा वाहतूकदाराला विचारा, वाहतूकदार म्हणायचा डिस्पॅचला विचारा, आणि डिस्पॅचची बाई म्हणायची, करारात एकवीस कामाचे दिवस लिहिलेत, तेही "पहिल्या उपलब्ध तारखेपासून". या काळातच मी त्या वाहतूकदार कंपनीचा यू.एस. डॉट नंबर (सरकारी नोंदणी क्रमांक) सरकारी 'प्रोटेक्ट युअर मूव्ह' पानावर टाकून बघितला. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि फुकट आहे. नोंदणी जेमतेम सात महिन्यांची. फाइव्ह स्टार रिव्ह्यू मात्र दोन वर्षांचे, दुसऱ्याच नावाने. दलालाचा नंबर वेगळा, आणि ट्रकवरच्या स्टिकरवर कुठलाच नंबर नव्हता; आईने काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतं.

२६ ऑगस्टला, हरतालिकेच्या दिवशी, मोठा ट्रक आला. चालक वेगळा आणि बिचारा थकलेला. त्याचा यात फारसा हात असेल असं मला वाटत नाही. त्याने कागद पुढे केला : उरलेले २,४६०, शिवाय मोठा ट्रक कॉम्प्लेक्समध्ये वळत नाही म्हणून छोट्या गाडीचे ४५०, जिन्याचे १५०. पैसे आधी, दार नंतर. मी १-८८८-३६८-७२३८ या सरकारी तक्रार क्रमांकावर फोन लावला. त्यांनी तक्रार नीट नोंदवून घेतली, पण सुधारित अंदाजावर आमची सही होती आणि ट्रक समोर घरघरत उभा होता. आम्ही ३,०६० दिले. एकूण बेरीज ६,५०० डॉलर.

उतरवून झाल्यावर "सर्व सामान सुस्थितीत मिळालं" यावर सही मागितली. इथे आई वही घेऊन उभी राहिली. नगाला नग. ७४ खोकी चढली होती, ६५ उतरली. टीव्हीची काच कोपऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. ती म्हणाली, "आधी त्याच्याच कागदावर लिही, मग सही कर." मी नऊ नंबर लिहिले, टीव्ही लिहिला, चालकाची सही घेतली, फोटो काढला. या सगळ्या प्रकरणात आमच्याकडून एवढी एकच गोष्ट बरोबर झाली, आणि ती अमेरिकेत पंधरा वर्षं काढलेल्या आम्हा दोघांनी केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले, उपड्या खोक्यावर, आईची साडी अंथरून. शेजारच्या तेलुगू काकूंनी समई दिली.

लेखी दावा सामान मिळाल्यापासून नऊ महिन्यांत करता येतो. तो मिळाल्यावर कंपनीने तीस दिवसांत पोच द्यायची आणि एकशेवीस दिवसांत निकाल. आम्ही सप्टेंबरमध्येच केला, आईच्या वहीच्या पानांचे फोटो जोडून. निकाल आला : नऊ खोकी सरासरी तीस पौंड धरून २७० पौंड, १६२ डॉलर, टीव्ही पन्नास पौंड, तीस डॉलर. एकशेब्याण्णव डॉलरचा चेक. मागे बारीक अक्षरात लिहिलंय की वटवल्यास ही पूर्ण व अंतिम तडजोड समजली जाईल. मी लवादाकडे जाण्याचा अर्ज मागवलाय. दोन राज्यांमध्ये घरसामान नेणाऱ्या वाहतूकदाराला तशी सोय ठेवावीच लागते. तोपर्यंत चेक फ्रिजवर चुंबकाखाली आहे, आणि साताऱ्याहून आई दर रविवारी विचारते, "४१ नंबर आला का गं?"