पॅन्टोप्राझोल ४० (ॲसिडिटीची गोळी), सलग २६ महिने घेतल्यावर

आधी चांगलं सांगते, गोळी काम करते यात वादच नाही. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, अर्ध्या तासाने नाश्ता, चार दिवसांत छातीतली जळजळ गेली, मिसळ खाल्ली तरी काही नाही. कोर्स ६ आठवड्यांचाच होता पण मेडिकलमधून पट्टी मिळत गेली, मी घेत गेले, थांब असं कोणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दीड वर्षानंतर तळपायाला मुंग्या यायला लागल्या. वाटलं दिवसभर उभं राहून होत असेल. मग एकदा जिना उतरताना शेजारच्या काकू मागून ओरडल्या, "अगं, चप्पल वरच राहिली तुझी!" डावा पाय अनवाणी होता आणि मला पत्ताच नाही. खूप घाबरले त्या दिवशी.

रक्त तपासलं, व्हिटॅमिन बी-१२ निघालं १३८, रिपोर्टवर कमीत कमी २०० लिहिलेलं. ते कमी पडलं की अशा मुंग्या, बधिरपणा येतो. अन्नातलं बी-१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं आणि गोळी नेमकं तेच कमी करते. त्यात मी शाकाहारी, म्हणजे जे काय मिळायचं ते दूध-दह्यातून, आधीच तुटपुंजं. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्या, त्यानेही बी-१२ उतरतं. पॅन्टोप्राझोलने भाजी-कडधान्यातलं लोहसुद्धा नीट अंगी लागत नाही. मॅग्नेशियम कमी होऊ शकतं हा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियामक संस्था) २०११ सालीच दिलाय, बहुतेक केसेस वर्षाहून जास्त घेणाऱ्यांच्या. सासूबाईंनाही हीच गोळी आहे, त्यांचं कॅल्शियम कार्बोनेटवालं होतं, त्याला विरघळायला ॲसिड लागतं म्हणून डॉक्टरांनी सायट्रेट दिलं.

घाबरून मी गोळी एकदम बंद केली ती चूक झाली, आठवडाभर आधीपेक्षा भयंकर जळजळ, दबलेलं ॲसिड उसळून येतं म्हणे. मग डॉक्टरांनी ४० ची २० केली, नंतर एक दिवसाआड, आणि मी रात्रीचं जेवण साडेसातला आणलं. पण ॲस्पिरिन वगैरे चालू असेल तर पोटाला अल्सर होऊ नये म्हणूनच ही दिलेली असते, तुम्ही स्वतःच्या मनाने हात लावू नका, फक्त किती दिवस घ्यायची आणि बी-१२ कधी तपासायचं एवढं नक्की विचारा.

मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ चीच, इंजेक्शनं घेतली, चार महिन्यांनी ४६० आलं. मुंग्या गेल्या, डाव्या अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे.