पैसे भरून घेतलेला रिसर्च एक्सपिरियन्स: ५ पैकी २ स्टार

मुलगी न्यू जर्सीच्या रटगर्स युनिव्हर्सिटीत प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीत आहे, आम्ही जवळच एडिसनला राहतो. भारतातल्या मैत्रिणी विचारतात की नीटसारखी एक परीक्षा देऊन मोकळं का नाही होता येत. नाही होता येत बाई. इथे आधी चार वर्षं कॉलेज, त्यातले मार्क, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, हॉस्पिटलात व्हॉलंटियरिंग, डॉक्टरांच्या मागे मागे फिरणं आणि त्यावर रिसर्च.

तर झालं असं की मंडळाच्या गणपतीत एका वहिनींनी सांगितलं की एका कंपनीच्या ऑनलाइन रिसर्च कोर्समधून त्यांच्या मुलाचा १२ आठवड्यांत पेपर छापून आला, आणि मी घरी येऊन त्याच रात्री क्रेडिट कार्ड काढलं. ३२०० डॉलर. हे म्हणाले, एवढ्यात पुण्यात दोन ॲक्टिव्हा येतील. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तुमच्या घरात प्री-मेड मूल असेल तर अशा जाहिराती तुमच्याही फोनवर येतच असतील.

पैशात काय मिळालं, तर आठवड्याला एक तास झूम, मेंटॉर म्हणून पीएचडी करणारा एक मुलगा (स्वभावाने गोड, वेळेवर यायचा, त्याच्याबद्दल तक्रार नाही) आणि आधीच ठरलेला विषय, डायबेटीस आणि आतड्यातले बॅक्टेरिया. चाळीसेक पेपर वाचून त्यांचा आढावा घेणारा पेपर लिहायचा, स्वतःचा डेटा शून्य. पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपरांच्या ऑनलाइन यादीत, नीट शोधायला शिकली, एक स्टार त्याचा. पेपर खरंच छापला, जर्नलची फी मात्र वेगळी भरली, आणि पबमेडवर शोधला तर कुठेच नाही. विचारलं तर म्हणे इंडेक्स व्हायला वेळ लागतो. मग पोरीनेच बघून सांगितलं, आई, ते अख्खं जर्नलच तिथे नाहीये.

पुढच्या वर्षी तिने स्वतःच कॉलेजच्या ॲरेस्टी रिसर्च सेंटरमधून अर्ज केला, तिथे प्रोफेसर आपापले प्रोजेक्ट टाकतात आणि मुलं अर्ज करतात, आणि बुश कॅम्पसवर एक लॅब मिळाली. पहिले दोन महिने बाटल्या धुणं आणि बफर बनवणं. मी म्हटलं, अगं भांडीच घासायची तर घरी ये. मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीन ओळखायची चाचणी, तो सहा वेळा फसला. जेलमधलं प्रोटीन मेंब्रेनवर उतरवायचं असतं, आणि त्या दोघांचा क्रम उलटा लागला की प्रोटीन मेंब्रेनवर न जाता बफरमध्ये निघून जातं, एकदा तर तेच झालं होतं. शेजारी पोस्टडॉक ताई (पीएचडी होऊन लॅबमध्ये काम करणारी) बसायची, ती ओरडायची पण आणि शिकवायची पण. एप्रिलमध्ये तिने आपल्या कामाचं पोस्टर लावलं. पेपर अजून नाही, होईल असंही कुणी सांगत नाही.

खरा फरक कळला ॲप्लिकेशन भरताना. एमकॅस, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, जास्तीत जास्त १५ ॲक्टिव्हिटी लिहिता येतात, प्रत्येकीला स्पेस धरून ७०० कॅरेक्टर, आणि त्यातल्या ३ खास म्हणून निवडल्या तर त्यांना आणखी १३२५. विकत घेतलेल्या पेपरवर तिचं लिहिणं निम्म्यातच आटोपलं, पुढे काय लिहू विचारत बसली. लॅबबद्दल १३२५ सुद्धा पुरेनात, दोन रात्री नुसतं कापत होती. आणि शिफारशीचं लेटर. झूमवाल्या मेंटॉरने लिहिलं, रेझ्युमे पाठव म्हणजे लेटर लिहितो. १२ आठवडे शिकवलेल्या मुलीचा रेझ्युमे! लॅबमध्ये सर महिन्यातून एकदाच दिसायचे, ते खरंय, पण तिथे पोस्टडॉक ताईनेच मसुदा लिहिला आणि सरांनी त्यात भर घालून दोघांनी मिळून सही केली. लेटर आम्हाला दिसत नाही, वाचायचा हक्क मुलं आधीच सोडून देतात, पण कुणाला काय माहीत होतं ते कळतंच ना.

आणि हो, रिसर्च सगळीकडे सक्तीचा नाहीये, हे मला पैसे भरल्यावर कळलं. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या ऑनलाइन माहितीसंग्रहात प्रत्येक मेडिकल स्कूलला घेतलेल्या मुलांपैकी किती टक्क्यांनी रिसर्च केला होता ते दिसतं, आधी ते बघा. येलमध्ये एमडीला थीसिस लागतो, क्लीव्हलँड क्लिनिकचा लर्नर प्रोग्राम ५ वर्षांचा आणि रिसर्चभोवतीच बांधलेला आहे, आणि एमडी-पीएचडी करायचं तर नुसत्या रिसर्चवर १०,००० कॅरेक्टरपर्यंतचा वेगळा निबंध असतो. तिथे झूमवाला पेपर घेऊन जाऊन काय करणार. लॅबच हवी असंही नाही, डॉक्टरांकडे पेशंटच्या रेकॉर्डवरचं काम मिळतं, फक्त त्याला आयआरबीची (माणसांवरच्या रिसर्चला मंजुरी देणाऱ्या समितीची) परवानगी आधीच आलेली आहे का हे विचारून घ्या, नाहीतर सुट्टी परवानगीची वाट बघण्यातच जाते. आणि कुठेही जा, रोज शेजारी कोण बसणार आणि आधीची मुलं किती दिवस टिकली हे विचारा. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं.

दुसरा स्टार देतेय, कारण काही मुलांची खरंच अडचण असते. छोट्या कॉलेजात लॅब नसते, आणि स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना एनएसएफ या सरकारी संस्थेच्या पैशावरचे आरईयू नावाचे उन्हाळी रिसर्च प्रोग्राम मिळतच नाहीत, ते सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहेत. त्यांनी घेतलं तर मी नावं ठेवणार नाही, पण पेपरची गॅरंटी बघून घेऊ नका, मेंटॉर बघून घ्या.

कालच त्या कंपनीचा मेल आला, रिव्ह्यू लिहा, पुढच्या कोर्सवर १० टक्के सूट. धाकटा आता अकरावीत आहे, त्याने बघायच्या आधी मीच तो मेल डिलीट केला.