सहमूळ संख्यांची कोडी: गणित भक्कम, प्रश्नांची भाषा मात्र ढिली

नागपुरात बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत आठवी ते दहावीच्या गणित ऑलिम्पियाडवाल्या मुलांसाठी सहमूळ संख्यांवरच्या (म्हणजे ज्या दोन संख्यांचा मसावि १ असतो त्यांच्यावरच्या) कोड्यांची एक पातळशी पुस्तिका मिळते. मराठीत या विषयावर सरावाचं साहित्य फार थोडं, त्यामुळे ती घ्यावीच. मसावि काढायची युक्लिडची रीत छान उलगडली आहे: १००१ आणि ३५७ घेतले, की बाकी २८७, मग ७०, मग ७, मग शून्य. चार भागाकारांत मसावि ७ हाती येतो.

गडबड आहे ती प्रश्नांच्या शब्दांत. ‘गुणाकार ३६० असलेल्या सहमूळ पूर्णांकांच्या जोड्या किती?’ याचं मागे दिलेलं उत्तर ८. ३६० = ८ × ९ × ५. दोन्ही संख्या सहमूळ राहायच्या तर ८, ९ आणि ५ यांतला प्रत्येक घटक अख्खाच एका बाजूला जातो, म्हणून २ × २ × २ = ८. पण यात (८, ४५) आणि (४५, ८) वेगळ्या मोजल्या आहेत. क्रम सोडला तर उत्तर ४. शिवाय प्रश्नात ‘पूर्णांक’ म्हटलंय, म्हणजे (−८, −४५) सुद्धा चालते. मग क्रमासह १६ आणि क्रमाविना पुन्हा ८! दोन मुलं वेगवेगळे अर्थ लावून एकाच उत्तरावर पोचतात आणि शिकवणाऱ्याला ते कळतही नाही. हे फार वाईट.

तीन संख्या आल्या की घोळ आणखी वाढतो. ‘गुणाकार ९०० असलेली सहमूळ नैसर्गिक संख्यांची क्रमित त्रिकुटं किती?’ शाळेतली व्याख्या दोन संख्यांपुरती असते. ६, १०, १५ घ्या: तिघांचा मिळून मसावि १, पण कुठलीही जोडी सहमूळ नाही. प्रत्येक जोडी सहमूळ हवी असेल तर ९०० = ४ × ९ × २५ मधले ४, ९, २५ हे तीन गठ्ठे अख्खेच तीन जागी वाटायचे, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ त्रिकुटं. तिघांचा मिळून मसावि १ एवढंच हवं असेल तर २१६. मात्र तेव्हा अट असून नसल्यासारखीच, कारण १ पेक्षा मोठ्या कुठल्याही संख्येच्या घनाने ९०० ला भाग जात नाही. यावरून लेखकाला २७ अभिप्रेत असावं, असं जाणकार ओळखेल. नववीतल्या पोराने कसं ओळखायचं? आयओक्यूएम या गणित ऑलिम्पियाडच्या पात्रता परीक्षेत तर फक्त ० ते ९९ मधलं उत्तर नोंदवायचं असतं, आपण कोणता अर्थ घेतला ते लिहायला जागाच नसते.

पुढच्या आवृत्तीत ‘धन पूर्णांक’, ‘क्रमित’ आणि ‘कोणतीही दोन परस्पर सहमूळ’ हे शब्द जागच्या जागी घातले, तर एकही गणित बदलावं लागणार नाही. (९००, १, १) चालतं का, हेही सांगायला हवं. १ आणि १ सहमूळच असतात, तरी बरीच मुलं ते त्रिकूट गाळतात.

छपाई ठीक. काही पानांवर घातांक खाली उतरलाय, २ चा घन चक्क २३ दिसतो. तेवढं पेन्सिलने दुरुस्त करूनच पुस्तिका मुलांच्या हाती द्या.