कॅड शिकायचंय, पण कुठून? आयटीआय, डिप्लोमा की चार महिन्यांचा क्लास

दहावी-बारावीचा निकाल लागला की मला हमखास फोन येतात. कधी गावाकडून आत्याचा, कधी जुन्या शेजाऱ्यांचा, आणि प्रश्न एकच, पोराला नाहीतर पोरीला कॉम्प्युटरवर डिझाइन शिकायचंय, पुण्यात कुठला क्लास लावू? मी भोसरीत जिग-फिक्श्चरचं, म्हणजे मशीनवर पार्ट पक्का धरून ठेवणाऱ्या साधनांचं डिझाइन करतो, बारा वर्षं झाली, आणि दरवेळी फोनवर अर्धवट सांगून होतं म्हणून यावेळी सगळं नीट लिहून काढतोय. मेकॅनिकलपुरतंच लिहितोय, सिव्हिल आणि आर्किटेक्चरचं गणित वेगळं आहे.

मी बारावी सायन्सनंतर आधी क्लासच केला होता. चार महिन्यांत ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स ही दोन कॅड सॉफ्टवेअर, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायची, दोन सर्टिफिकेटं, आणि एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी पण लागली. तिथे पहिल्याच महिन्यात एका ॲल्युमिनियम प्लेटमध्ये ४० मिमी खोल चौकोनी पॉकेट, म्हणजे खोलगट खाच काढून दिला, आतले चारही कोपरे एकदम काटकोनात. व्हीएमसीचा, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणाऱ्या मशीनचा ऑपरेटर ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, भाऊ, कटर गोल असतो, ह्या कोपऱ्यात तो जाणार कसा? १० मिमीचा कटर फिरवला तर कोपऱ्यात ५ मिमीची त्रिज्या राहणारच, आणि ४० खोल जायचं तर त्याहून बारीक कटर वाकतो, तुटतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि स्क्रीनवर तर तो पॉकेट एकदम सुंदर दिसत होता. पुढच्या वर्षी मी डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात ॲडमिशन घेतली. म्हणजे दोन्ही बाजू मी बघितल्यात, आणि तिसरी बाजू रोज शेजारच्या खुर्चीत बसते, माझा सहकारी आयटीआय ड्राफ्ट्समन आहे.

आधी आयटीआयचंच घेऊ, कारण लोक सगळ्यात कमी विचारतात ते हेच. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड, दहावी पास लागतं, सायन्स आणि गणित घेऊन. सरकारी आयटीआयची फी प्रायव्हेट क्लासच्या पुढे काहीच नाही. सुरुवातीला टी-स्क्वेअर, पेन्सिल घेऊन हातानं ड्रॉइंग काढायला लावतात, पोरं कंटाळतात, म्हणतात आता हे कोण वापरतं. पण हातानं सेक्शन व्ह्यू काढला की वस्तू आतून कशी असेल हे डोक्यात फिरवायची जी सवय लागते ती माउसनं लागत नाही, निदान मला तरी नाही लागली. शिवाय फिटर, टर्नर, वेल्डर ह्यांच्या कामाची तोंडओळख होते. पुढे अप्रेंटिसशिप मिळाली तर मोठ्या कंपनीचं शॉप फ्लोअर आतून बघायला मिळतं आणि वर स्टायपेंड पण. माझा हा सहकारी आमच्याकडे आलेलं कस्टमरचं ड्रॉइंग हातात घेतो आणि पहिली नजर कोपऱ्यातल्या चिन्हावर टाकतो, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर कुठल्या पद्धतीनं मांडल्यात. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकन कस्टमरचं येतं थर्ड अँगलमध्ये, आणि हे चुकलं तर पार्ट उलटा, आरशात दिसतो तसा बनून येतो आणि अख्खी बॅच भंगारात जाते.

कमी काय पडतं? स्ट्रेंथची गणितं, मटेरियल का निवडायचं, लोड किती येणार, हे फार खोलात जात नाही. आणि बऱ्याच कंपन्यांत ड्राफ्ट्समनचा माणूस डिटेलिंगलाच अडकून राहतो, दुसऱ्यानं ठरवलेल्या डिझाइनची ड्रॉइंग काढत. हुशारीत कुठेच कमी नसतो, पण एचआरच्या यादीत डिप्लोमा किंवा डिग्री असं लिहिलेलं असतं आणि गाडी तिथेच थांबते. ह्याला वाट आहे, दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दहावीनंतर एकूण चार वर्षं लागतात, सरळ डिप्लोमापेक्षा एक जास्त, पण घरची परिस्थिती अशी असेल की दोन वर्षांनी कमावणं भाग पडू शकतं, तर मला हाच रस्ता सगळ्यात सेफ वाटतो, कारण मध्येच थांबावं लागलं तरी हातात काहीतरी पक्कं असतं.

डिप्लोमा मेकॅनिकल, एमएसबीटीईचा म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, दहावीनंतर तीन वर्षं. इथे गणित खरं शिकायला मिळतं, बीम वाकतो कसा, शाफ्टचा व्यास किती ठेवायचा, स्टीलला हार्डनिंग का करायचं. पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडतो तो वेगळाच फायदा. पण कॅडपुरतं बोलायचं तर एकट्या डिप्लोमावर अवलंबून राहू नका. प्रॅक्टिकलला जेवढे तास असतात त्यात सॉफ्टवेअरवर हात बसत नाही, आणि जर्नल पूर्ण करण्याच्या नादात बरीच पोरं एकमेकांची फाइल कॉपी करून मोकळी होतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला मी २५ मिमीच्या भोकात सरकणारी पिन काढायला दिली, तर त्यानं भोक २५ आणि पिन २५ ठेवली. मॉडेलमध्ये बरोबरच दिसतं की, दोन्ही २५. पण खऱ्या मापात थोडं कमी-जास्त होणारच, ते किती चालेल ह्याचे ठरलेले वर्ग असतात, भोक एच७ वर्गाचं घेतलं तर ते २५.००० ते २५.०२१ चालतं, आणि पिन जी६ म्हणजे २४.९८० ते २४.९९३, तेव्हा कुठे ती हातानं सरकते आणि डुगडुगत नाही. हे फिट्स, म्हणजे भोक आणि पिन किती सैल-घट्ट बसतात ते, त्याच्या पेपरात होते, मार्क पण मिळाले होते, फक्त ड्रॉइंगशी कधी जोडलेच गेले नव्हते.

आता क्लास. क्लास वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, मला पहिली नोकरी त्यानंच दिली. ज्याच्याकडे आयटीआय किंवा डिप्लोमा आहे, किंवा चार-पाच वर्षं मशीनवर काम केलंय, त्याच्यासाठी क्लाससारखा पटकन उपयोग कशाचाच नाही. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरनं सॉलिडवर्क्स शिकलं की तो सहा महिन्यांत असा डिझायनर होतो की बघत राहावं, कारण कटर कुठे जातो नि कुठे नाही हे त्याच्या हातात आधीच असतं. पण नुसती दहावी-बारावी आणि वर क्लास, ह्यावर पोराला सोडू नका, कळकळीनं सांगतोय, त्यात पहिली दोन वर्षं फार अपमानात जातात. आणि पाच सॉफ्टवेअरचं पॅकेज एकदम घेऊ नका, एकही धड येत नाही.

आणखी एक नाव फार कमी जणांना माहीत असतं, छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम. केंद्राच्या एमएसएमई, म्हणजे लघु-मध्यम उद्योगांच्या मंत्रालयाखाली येतं आणि दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. तिथे मशीन आणि डिझाइन दोन्ही हातात देतात. साचे, डाय, मोल्ड ह्यात जायचं असेल तर मी डोळे झाकून हे सुचवेन.

सॉफ्टवेअर कुठलं, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ऑटोकॅड १९८२ पासून आहे, आणि फॅब्रिकेशन, लेझर कटिंग, प्लांट लेआउट ह्यात आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. मशीन, फिक्श्चर, छोटे-मध्यम कारखाने ह्यांच्यासाठी सॉलिडवर्क्स. चाकण-पिंपरीकडच्या गाड्यांच्या कामात, बॉडी आणि प्लास्टिकच्या वळणदार पार्ट्सना कॅटिया नाहीतर एनएक्स. पण एकाच नावाला चिकटून बसू नका, डेमलरसारख्या कंपनीनं २०१० मध्ये कॅटिया सोडून एनएक्सवर जायचं जाहीर केलं होतं, तिथे काम करणाऱ्यांना शिकावंच लागलं असणार. स्केच, एक्सट्रूड (स्केचला जाडी देऊन वस्तू करणं), असेंब्ली (पार्ट जोडणं) हे डोक्यात बसलं की दुसरं सॉफ्टवेअर महिना-दोन महिन्यांत येतं, बटणं फक्त वेगळ्या जागी असतात.

पैसे नसतील तर आजच सुरू करता येतं. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. फ्यूजन हे दुसरं कॅड सॉफ्टवेअर घरच्या वापराला फुकट मिळतं, एकावेळी दहाच फाइल एडिट करता येतात, शिकायला तेवढ्या खूप झाल्या. आणि घरातलीच एखादी वस्तू घ्या, कुकरची शिट्टी, सायकलचं पेडल, दाराची कडी, व्हर्नियरनं मोजून तिचं मॉडेल करा आणि मापांसकट ड्रॉइंग काढा, मग ते ड्रॉइंग जवळच्या कुठल्याही लेथवाल्याला दाखवून विचारा की दादा, ह्यावरून पार्ट बनेल का. तो जे पाच प्रश्न विचारेल ते वहीत लिहून घ्या. क्लासचा डेमो बघायला जाल तेव्हा तेच प्रश्न तिथल्या सरांना विचारा, आणि त्यांना उत्तरं देता आली तरच फी भरा.