विम्प की अ‍ॅक्सिऑन?

शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करणारा आमचा भाचा अडलाय. प्रोजेक्ट डार्क मॅटरवरच (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) करायचा, पण ते कुठल्या कणाचं धरायचं? विम्प (जड, इतर द्रव्याशी क्वचितच क्रिया करणारा कण) की अ‍ॅक्सिऑन (अतिशय हलका कण)? दोन्ही अजून कागदावरच. स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे ज्ञात कणांच्या सर्वमान्य सिद्धांतात, विम्पला जागा नाही आणि अ‍ॅक्सिऑनलाही नाही.

आधी गरज बघू. अ‍ॅक्सिऑन डार्क मॅटरसाठी सुचलेलाच नाही. प्रबळ बलात (अणुकेंद्रक बांधून ठेवणारं बल) द्रव्य-प्रतिद्रव्यातला जो भेद दिसायला हवा, तो दिसत नाही. त्यावर भौतिकशास्त्रज्ञ पेचेई आणि क्विन यांनी १९७७ मध्ये तोडगा काढला, त्यातून हा कण निघाला. डार्क मॅटर हा वरकड फायदा. विम्पचं गणितही भारी: दुर्बल बलाच्या (किरणोत्सारी ऱ्हासामागचं बल) आसपासची ताकद असलेला जड कण घेतला, की महास्फोटानंतर आज लागतं साधारण तेवढंच डार्क मॅटर शिल्लक राहतं. सुपरसिमेट्रीत (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण मानणारा सिद्धांत) असा कण आयताच मिळतो. फक्त एलएचसीत (जिनिव्हाजवळचं कणांच्या टकरी घडवणारं यंत्र) सुपरसिमेट्रीचा एकही कण गावलेला नाही.

खर्चात विम्प महागडा. अमेरिकेतल्या एलझेड या विम्प शोधणाऱ्या प्रयोगात जमिनीखाली सुमारे १.५ किमीवर १० टन द्रव झेनॉन ठेवलंय, तरी विम्प नाही. संवेदनशीलता वाढवावी तर सूर्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कणच मध्ये लुडबुडतात. अ‍ॅक्सिऑनला ताकदीचा चुंबक आणि अतिथंड धातूची पोकळी लागते; चुंबकात अ‍ॅक्सिऑनचं क्षीण मायक्रोवेव्ह लहरीत रूपांतर होईल, ही आशा. मग रेडिओचं बटण फिरवावं तशी एकेक वारंवारता चाळत बसायचं. वारंवारता अ‍ॅक्सिऑनच्या वस्तुमानावर ठरते आणि तेच माहीत नाही, त्यामुळे पट्टा अफाट.

कोडिंग, सिम्युलेशन आवडत असेल तर विम्प घे, वाचायला रग्गड आहे. मायक्रोवेव्ह सर्किटांत हात घालायची हौस असेल, तर अ‍ॅक्सिऑन. पुढे पीएचडी सिद्धांतात करायची असेल, तरी माझं मत अ‍ॅक्सिऑनलाच.