वॉरंटी संपण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटर: काम कसं करून घ्यावं

गाडी वॉरंटीत असताना अधिकृत सर्व्हिस सेंटरची सेवा चांगली आहे, पण तक्रार नेमकी मांडणाऱ्यालाच तिचा फायदा मिळतो. ‘गाडीतून आवाज येतो’ एवढंच सांगितलं की जॉब कार्डावर (तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर) ‘जनरल चेकअप’ पडतं आणि गाडी धुऊन परत येते. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘सकाळी गाडी थंड असताना, २० ते ३०च्या वेगात, खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडे खटखट.’ मग मेकॅनिक थेट सस्पेन्शनचे भाग, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट बघतो. दोष फक्त थंड गाडीत जाणवत असेल तर ती रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळच्या टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसा. हे फार महत्त्वाचं आहे.

चेक इंजिनचा दिवा लागून विझला तरी सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दोषाचा कोड बरेचदा सापडतो. पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा. बॅटरीची वायर काढल्यास अनेक गाड्यांत कोड जातो, तेव्हा घरी तो प्रयोग नको.

एसीचं कूलिंग वारंवार कमी होत असेल तर नुसता गॅस भरून गाडी परत घेऊ नका. गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. डाय (गळतीची जागा दाखवणारा रंग) टाकून ती शोधायला लावा.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर सहसा वॉरंटीत बसत नाहीत.

मुदत वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल ते. पार्ट मागवायला वेळ लागतो, म्हणून निदान महिनाभर आधी जा. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला तरी तारीख आणि किलोमीटर असलेली जॉब कार्डाची प्रत घ्या. तीच तक्रार मुदतीनंतर उद्भवली तर दाद मागताना ही प्रत लागते.